ठोंब्याच्या कानात

बाहुल्याच्या कानाशी तोंड नेण्याआधी खारूनं वर पाहिलं आणि हुकूम सोडला.

"बाबा, कान बंद."

बाबानं लगेच मान वर केली, डोळे छताला लावले आणि शीळ घालायला सुरुवात केली. शीळ बेसूर होती. तो ती मुद्दाम बेसूर घालायचा, म्हणजे आपलं सगळं लक्ष तिच्यातच आहे असं पोरीला वाटावं. त्याचा उजवा हात बाहुल्याच्या पाठीत मनगटाच्या वरपर्यंत गेलेला होता, आणि बाहुला त्याच्या गुडघ्यावर बसून भुवया उंचावून वाट पाहत होता. खारूनं दोन्ही तळव्यांचा आडोसा केला आणि ती लाकडी कानात कुजबुजायला लागली. आज बरंच काही असावं. मधेच थांबून तिनं श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाली.

आई खिडकीशी बसून बाहुल्याच्या काळ्या कोटाची बाही शिवत होती. सुई थांबवून ती दोघांकडं पाहत राहिली. हा खेळ तिला फार आवडायचा. दिवसभरात घरात दुसरं काही धड झालं नसलं तरी एवढं एक रोज व्हायचं.

बाहुल्याचं नाव ठोंब्या. खारू लहान असताना त्याला पेटीत घालून झाकण लावतात हे तिनं पाहिलं आणि रडून घर डोक्यावर घेतलं. त्याला अंधारात भीती वाटेल, म्हणे. तेव्हा बाबानंच ही तोड काढली होती. "जाताना त्याच्या कानात एक गुपित सांग. म्हणजे पेटीत त्याला सोबत होईल." आता खारू नऊ वर्षांची होती. ठोंब्या लाकडाचा आहे आणि त्याचं बोलणं म्हणजे बाबाचं ओठ न हलवता बोलणं आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. सकाळच्या खेळानंतर एखादं बारकं पोर ठोंब्याच्या तोंडात बिस्किट कोंबायला आलं की ती मोठ्या बाईसारखी हसायची. पण गुपिताचा नेम काही सुटला नव्हता. शाळेतलं, मैत्रिणींचं, घरातलं, जे आईलासुद्धा सांगायचं नाही ते सगळं ठोंब्याला.

कुजबुज संपली. ठोंब्यानं पापण्या मिटल्या.

"पोटात गेलं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कुलूप लावलं. किल्ली गिळली."

"बाबा, आता उघड कान."

"झालं एवढ्यात?" बाबानं कानात बोट घालून जोरजोरात हलवलं. "मला आपलं वाटलं, आज मुक्काम करतेस की काय."

खारू खिदळली. खारीसारखा खाऊ गालात साठवून ठेवायची तिची लहानपणची सवय, त्यावरून हे नाव पडलेलं. हसली की गाल अजूनही तसेच फुगायचे.

तिघांचं बिऱ्हाड एका मोठ्या करमणूक-बागेत, धुलाईघराच्या मागच्या चाळवजा खोल्यांमध्ये होतं. पुढं सगळा थाट: पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आरशांची खोली, आणि सहकुटुंब येऊन चार दिवस राहणाऱ्यांसाठी रंगीत इमारती. मागं ही कामगारांची वस्ती. आई शिवणखोलीत होती. अस्वल, ससा, हत्ती बनून पाहुण्यांमध्ये फिरणाऱ्या कामगार पोरांचे अंगरखे उसवले की तिच्याकडं यायचे. बाबाचे बोलक्या बाहुल्याचे दिवसाला दोन खेळ. सकाळी बालचौकात, ठोंब्याला पिवळा चौकटींचा कोट. संध्याकाळी चांदणगल्लीत, ठोंब्याला काळा कोट.

चांदणगल्ली म्हणजे मोठ्यांची जागा. दोन्ही बाजूंना दारूची दुकानं, मधे नाचायचा चौथरा, डोक्यावर दिव्यांच्या माळा. तोंडाशी एक लाकडी अस्वल बोट वर करून उभं होतं आणि त्याच्या पोटावर लिहिलेलं होतं, 'लहान मुलांना प्रवेश नाही'. त्यामुळं खारू कधी आत गेली नव्हती, आणि खारूला एकटं टाकून जायचं नाही म्हणून आईही गेली नव्हती. काळ्या कोटाचा टाका न् टाका तिच्या हातचा, पण तो कोट घालून ठोंब्या काय बोलतो ते तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. सुरुवातीला तिनं हट्ट केला होता.

"तुला काय बघायचंय त्यात?" तो म्हणाला होता. "सगळी टाळकी तर्र झालेली असतात. त्यांची आपली थट्टा करायची, दुसरं काय."

मग तिनं तो विषय सोडून दिला.

मॅनेजरनं बैठक बोलावली ती याच गल्लीवरून. जेवणघराच्या बाकांवर सगळे दाटीवाटीनं बसले. मॅनेजर तरुण होता, उभ्या उभ्याच बोलायचा.

"पाहुण्यांची तक्रार आहे. बाहेर आपण पाटी लावतो, सहकुटुंब या. आणि संध्याकाळ झाली की त्याच कुटुंबाचे आपण दोन तुकडे करतो. एकानं गल्लीत बसायचं, दुसऱ्यानं खोलीत पोरं राखायची. त्यात भांडणं होतात, लोक बिचारे वैतागून निघून जातात. तेव्हा आईबापांबरोबर असतील तर नऊपर्यंत मुलांना आत सोडावं, असं माझ्या मनात आहे. बोला."

"सोडा की," आइस्क्रीमवाले काका म्हणाले. त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशीच असायची. "चार पोरं समोर असली की माणसं जरा शुद्धीत वागतात. बापानं बाटली उघडली काय न् पोरानं कांडी चोखली काय, एका बाकावर बसून करू देत."

"काका, तुमच्या कांड्या खपतील म्हणून बोलताय," पाळणेवाला म्हणाला. हशा पिकला.

आणि मग बाबा उठला. तो बैठकीत कधी बोलायचा नाही, म्हणून सगळे त्याच्याकडं वळले.

"मुलांना काही दारं बंद असलेलीच बरी," तो म्हणाला. "सकाळी ज्या काकानं आपल्याला पाळण्यात बसवलं, तोच संध्याकाळी भिंतीला धरून ओकताना त्यांनी कशाला बघायचा? मोठ्यांना तरी एक जागा हवी ना, जिथं ते चांगले वागायला बांधलेले नाहीत? आणि मुलांनाही एक जग हवं, जिथं मोठी माणसं चांगलीच असतात. या दोन गोष्टी एका गल्लीत कोंबू नका, साहेब. ही माझी हात जोडून विनंती आहे."

कोणीतरी टाळी वाजवली. शिवणखोलीतल्या बायकांनी आईकडं वळून पाहिलं. तिचा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगायचं. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, तो आतून असा भला माणूस आहे, हे चारचौघांत कळावं याचं तिला फार सुख वाटलं. त्या दुपारी तिनं काळ्या कोटाच्या गळपट्टीला नवीन मखमल लावली. कोणी सांगितलं नव्हतं.

मॅनेजरनं मात्र आपलंच खरं केलं. शनिवारपासून अस्वलाच्या पोटावरची पाटी निघाली. बाबानं आपला खेळ नऊनंतर ठेवायला सांगितलं, तर म्हणे ती वेळ वाद्यवृंदाची. तो घरी आला तो तोबरा भरल्यासारखा.

"आपल्यातलं कोणी तिकडं जायचं नाही," जेवताना तो म्हणाला. "सगळी वस्ती गेली तरी. तत्त्व म्हणजे तत्त्व."

"बाबा, मी फक्त दिवे बघून येऊ?"

"नाही म्हटलं ना."

खारूनं आईकडं पाहिलं. आईनं मान हलवली. "बाबा म्हणतोय ते बरोबर आहे," ती म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटत होतं.

त्या शनिवारी संध्याकाळी तिनं शिवणाचा डबा उघडला. ठोंब्याच्या जबड्याची दोरी डब्यात तशीच पडली होती. जुनी दोरी विरली होती. नव्या दोरीला मेण लावून ती बाबाच्या खिशात घालायची असं सकाळीच ठरलेलं. जुनी ऐन खेळात तुटली तर ठोंब्याचं तोंड उघडं ते उघडंच राहील आणि लोक हुर्यो करतील, तेही नव्या पाहुण्यांसमोर, मॅनेजर बघत असताना. तिनं चपला पायात सरकवल्या.

"खारू, चल. दोरी द्यायची आणि उलट्या पावली परत. इकडंतिकडं बघायचं नाही."

खारूचे पाय जमिनीवर ठरेनात.

गल्ली गच्च भरली होती. दिव्यांखाली लोकांच्या खांद्यांवर पोरं बसलेली, बाकांवर पेल्यांच्या शेजारी दुधाच्या बाटल्या. खरं सांगायचं तर दृश्य काही वाईट नव्हतं. एक आजोबा नातीला धरून चौथऱ्याच्या कडेला नाचत होते. खेळ सुरू झालेला होता. पुढं जायला वाट नव्हती, म्हणून आइस्क्रीमवाल्या काकांनी दोघींना आपल्या गाडीशी बोलावलं आणि खारूला उंच स्टुलावर बसवलं.

"बसा ताई, खेळ संपला की द्या दोरी. तोवर काही तुटत नाही."

चौथऱ्यावर बाबा खुर्चीत बसला होता आणि त्याच्या गुडघ्यावर काळ्या कोटातला ठोंब्या. मखमल दिव्यांत छान दिसत होती. ठोंब्याचा आवाज मात्र वेगळा लागत होता, सकाळच्यापेक्षा जाड आणि फाटका. खारू पुढं झुकली. ठोंब्यानं समोरच्या एका टकल्या गृहस्थाची खोडी काढली, लोक हसले, खारूही हसली.

"मालक," ठोंब्या म्हणाला, "घरातलं एक सांगू का यांना?"

"गप रे!" बाबा दचकल्यासारखा झाला. "घरातलं बाहेर सांगायचं नसतं."

"मग ती पोरगी मला कशाला सांगते? रोज पेटीत घालायच्या आधी येते आणि माझ्या कानात सगळं ओकते! तिला वाटतं, याच्या पोटात कुलूप आहे." ठोंब्यानं आपल्या पोटावर टकटक केलं. "लाकडाला कसलं आलंय कुलूप?"

लोक खदखदून हसले. हा खेळ रोजचाच असणार, कारण पुढचा विनोद कुठं येतो हे मागं उभ्या असलेल्या वाढप्यांना पाठ होतं. ते हातातली तबकं सावरून आधीच दात काढायला लागले होते.

"परवा काय म्हणाली, ऐका. शाळेत हिनं सांगितलंय, माझा बाबा विमान चालवतो!"

"मग? त्यात काय चुकलं?" बाबा म्हणाला.

"छे, चुकलं कुठं? हे बघा ना, सगळे प्रवासी हवेत! ए, कोपऱ्यातल्या काकांना पट्टा बांधा कुणीतरी, त्यांचं विमान केव्हाच सुटलंय!"

हसण्याची एक लाट आली. आईनं खारूकडं पाहिलं. खारूचा चेहरा अजून हसराच होता, फक्त त्यातलं हसू गेलं होतं. दोन्ही हात स्टुलाच्या कडेला घट्ट धरलेले. विमानाचं आईला ठाऊक नव्हतं. पोरीला बापाच्या बाहुल्याची शाळेत लाज वाटते, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

"चल," आई पुटपुटली आणि तिनं खारूच्या खांद्यावर हात ठेवला. खारू हलली नाही.

"आणि हिची आई," ठोंब्या म्हणाला, "दर रविवारी न्हाणीघरात कोंडून घेते, नळ सोडते आणि भोकाड पसरते! वाटतं, नळाच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही."

"अरे देवा! मग मी काय करतो?"

"तुम्ही? तुम्ही बादली लावता! वाया कशाला घालवायचं? खारं पाणी, गुळण्यांना चांगलं!"

गल्ली हसून हसून वाकली. कोणीतरी बाकावर थापा मारत होतं.

आईचा हात खारूच्या खांद्यावर तसाच राहिला. दर रविवारी ती आपल्या आईला फोन करायची. म्हातारी मुलाकडं असायची आणि आता कोणालाच ओळखत नव्हती. "माझी मुलगी कामावर गेलीय," ती फोनवर आपल्याच मुलीला सांगायची, अगदी गोड आवाजात. "तुम्ही नंतर करा हं फोन." मग ही न्हाणीघरात जायची. नवऱ्याला सांगावंसं तिला कितीदा वाटलं होतं. पण तो नेमका तेव्हाच तालमीला बसलेला असायचा आणि ती म्हणायची, जाऊ दे, बिचाऱ्याला कुठं माहीत आहे. त्याला माहीत असतं तर त्यानं विचारलं असतं, एवढी तिला त्याची खात्री होती. आणि तो तर बादलीचा विनोद रचत होता. फसवलं, असं तिला सरळ सरळ वाटलं, दुसरा शब्द नव्हता त्याला.

हसणं ओसरायला लागलं तेवढ्यात पुढून एक बारीक आवाज आला.

"पण ती आई का रडते?"

बापाच्या खांद्यावर बसलेली एक चिमुरडी होती. सकाळी बालचौकात ठोंब्याच प्रत्येक खेळात मुलांना सांगायचा, विचारा विचारा, काय वाटेल ते मला विचारा. तिनं विचारलं.

लोक जरा हसले. तिचा बाप तिला शू शू करायला लागला.

"ठोंब्या, सांग ना!" ती आणखी मोठ्यानं ओरडली. "ती आई का रडते?"

ठोंब्यानं तिच्याकडं मान वळवली. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज आला नाही. दोरी तुटलेली नव्हती. बाबाची नजर गर्दीवरून भिरभिरत मागं आली आणि आइस्क्रीमच्या गाडीशी येऊन अडकली.

आईनं दोरीची गुंडाळी गाडीवर ठेवली.

"काका, ही त्याला द्या. जुनी तुटेल."

काकांनी मान खाली घालून ती उचलली.

घरी आल्या आल्या खारू मोरीकडं गेली. पाय धुतले, कपडे बदलले आणि भिंतीकडं तोंड करून पडली. आईनं पांघरूण घातलं, तेव्हा ती भिंतीलाच म्हणाली, "मी फक्त त्यालाच सांगितलं होतं."

"माहितीय मला."

"तू रडतेस, हे सांगायला मला दुसरं कोणीच नव्हतं."

आई तिच्या पाठीशी आडवी झाली आणि बराच वेळ तिच्या केसांत बोटं फिरवत राहिली. तिला रडू आलं, पण या वेळी तिनं नळापर्यंत जायचे कष्ट घेतले नाहीत. खारूनं मागं हात करून तिची बोटं धरली.

बाबा आला तेव्हा ती ओट्याशी उभी होती. त्यानं पेटी कोपऱ्यात ठेवली.

"तुला तिथं येऊ नको असं सांगितलं होतं."

"म्हणून सांगितलं होतंस होय?" ती म्हणाली. "बैठकीत एवढा उभा राहिलास. हात जोडलेस. माझ्या मेलीच्या डोळ्यांत पाणी आलं तुझं ऐकून."

"मी म्हणालो ते खोटं नव्हतं."

"नव्हतंच. खरंच बोललास, मोठ्यांना एक जागा हवी म्हणून."

तो खुर्चीत बसला. "अगं, सगळे कलाकार घरातलंच उचलतात. नावं कुठं घेतली मी? आणि तिला माझी लाज वाटते. माझ्या मांडीला मांडी लावून बसते आणि माझ्याच बाहुल्याच्या कानात सांगते की बाबा विमान चालवतो. मला काय वाटलं असेल? मी काय रडत बसायचं होतं?"

"हो," ती म्हणाली. "घरी बसून रडायचं होतंस. आम्हीही बसलो असतो शेजारी."

तो शर्टाची बाही दुमडत बसला. पोट भरायचं साधन म्हणजे बोलणं, आणि हा माणूस ठोंब्या मांडीवर नसला की असा मुका व्हायचा.

"नळाचं तुला कधीपासून ठाऊक आहे?"

तो कोपऱ्यातल्या पेटीकडं पाहायला लागला.

"मग एकदा विचारायचं होतंस."

"विचारणार होतो," तो म्हणाला. "पण त्या विनोदावर लोक इतके हसले गं."

हे मात्र तो खरं बोलत होता, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तिनं ओट्यावरचा दिवा बंद केला आणि आत निघून गेली.

सोमवारी मॅनेजर स्वतः शिवणखोलीत आला.

"ताई, तुमच्या यजमानांचंच बरोबर निघालं. परवा ते पोर मधेच ओरडलं आणि अख्खा खेळ बसला. लोकांचा मूड गेला. काल दोघातिघांनी सांगितलं, मुलं असली की मोकळं वाटत नाही. पाटी परत लावतोय. माणूस मोठा दूरदृष्टीचा आहे हो तुमचा." तो हसला. "तुम्हालाही तसंच वाटतं ना? मुलं नकोतच तिथं?"

आईच्या मांडीवर सशाचं मुंडकं होतं, एक कान निघालेला. तिनं दातानं दोरा तोडला.

"त्या मुलीनं बरोबर प्रश्न विचारला होता, साहेब," ती म्हणाली.

मॅनेजरला काही कळलं नाही. तो "हो, हो" म्हणून निघून गेला. दुपारी जाता-येता तिला दिसलं, लाकडी अस्वलाच्या पोटावर पाटी पुन्हा ठोकलेली होती आणि बोट तर काय, वर होतंच.

त्या संध्याकाळी बाबा गल्लीत जायची तयारी करत होता. दोन दिवस घरात तिघं एकमेकांना वाट करून देत वावरत होती. ताट वाढणं, दार लावणं, सगळं नीट चाललेलं. काळा कोट खिडकीशी टांगलेला होता. आईनं त्याला हात लावला नव्हता.

बाबानं ठोंब्याला गुडघ्यावर बसवलं, नवी दोरी ओढून पाहिली. मग पेटीचं झाकण उघडं ठेवून तो तसाच बसून राहिला. खारू दाराशी गृहपाठ करत होती.

"खारू," तो म्हणाला. "ठोंब्या निघाला. सोबत नाही देणार त्याला?"

खारूची पेन्सिल थांबली. आईला वाटलं, ही नाही म्हणणार. नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. पण ती उठली, येऊन बाबासमोर गुडघ्यांवर बसली आणि वर पाहिलं.

"बाबा, कान बंद."

बाबाचा चेहरा उजळला. त्यानं मान वर केली, डोळे छताला लावले. शीळ घालायला ओठांचा चंबू केला, पण आज शीळ फार हळू होती.

खारूनं दोन्ही तळव्यांचा आडोसा केला आणि तोंड लाकडी कानाशी नेलं. आई खिडकीशी होती. त्या बाजूनं तिला पोरीचे ओठ दिसत होते. ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते, मधे श्वाससुद्धा घेतला. आवाज मात्र काहीच नव्हता. आई इतकी जवळ असून तिला एक हुंकारही ऐकू आला नाही.

बाबाची शीळ बारीक झाली आणि थांबली. छताकडं लागलेले त्याचे डोळे तिथंच होते, पण मान हळूहळू खाली, खारूच्या बाजूला झुकत गेली. खारूचे ओठ हलतच होते.

"अगं, जरा मोठ्यानं बोल की," ठोंब्या म्हणाला. "काहीच ऐकू येत नाहीये."

खारूनं ठोंब्याच्या कानाजवळून तोंड काढलं. ती ठोंब्याकडं बघतच नव्हती. ती बाबाच्या तोंडाकडं बघत होती, जे नेहमीसारखं मिटलेलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुझे कान बंद होते ना?"